अकरा वाजताची सर्दी

४ नोव्हेंबर, सोमवार

औषधांच्या एका कंपनीने जानेवारीत वाटलेली ही डायरी दहा महिने माझ्या कामाच्या दुकानातल्या डगमगत्या स्टुलाच्या पायाखाली होती. आज तिला बढती मिळाली. बाबा आलेत आणि मला रोजचं लिहून ठेवायचंय.

बाबांनी एकाच गल्लीत, एकाच खुर्चीमागे उभं राहून चव्वेचाळीस वर्षं लोकांचे केस कापले. ऑगस्टमध्ये सकाळी दुकान उघडताना गुडघा दगा देऊन गेला आणि ते दोन तास आत पडून राहिले. अर्धं शटर वर होतं, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, झाडलोट चाललीय. हे मला आठ दिवसांनी कळलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तिथे त्यांना हात द्यायला कोणी नाही. तेव्हापासून मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले होते. शेवटी त्यांनी दुकान एका ओळखीच्या कारागिराला देऊन टाकलं. राहती खोली मात्र सोडली नाही.

"एक महिना राहतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर चार डिसेंबरला परत. तेव्हा रडारड करायची नाही."

मी लगेच कबूल केलं. कबूल करायला काय जातंय! एकदा आलेत, आता मी थोडीच जाऊ देणार आहे?

सामान म्हणजे एक कपड्यांची बॅग आणि एक लाकडी पेटी. पेटीत कात्र्या, कंगवे, वस्तरा, मानेवरचे केस झटकायचा ब्रश, पावडरीचा डबा. म्हटलं, हे कशाला आणलंत? तर म्हणाले, "असू दे गं, खात नाही ते काही."

७ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांना सर्दी झाली.

दुपारी दीडला मी जेवायला घरी आले तर बाबांचे डोळे लाल, नाक ओलं, आवाज बसलेला. रुमाल पार भिजलेला. नवरा शाळेची बस चालवतो. सकाळची फेरी झाली की साडेनऊ ते साडेबारा घरीच असतो. संध्याकाळी त्याला विचारलं, कधीपासून? म्हणाला, "अकराच्या सुमारास सुरू झालं."

हवापालट, दुसरं काय. सर्दीच्या बाबतीत मला कोणी शिकवायला नको. औषधांच्या दुकानात उभी राहून सोळा वर्षं झाली, दिवसाला पन्नास नाकं माझ्यासमोरून जातात. काउंटरच्या पलीकडून नुसती हाक आली तरी सांगते, घशाचं आहे की नाकाचं. बाबा मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात ते काही उगीच नाही.

मागच्या पानावर तक्ता आखलाय. ताप: नाही. शिंका: नाही. खोकला: नाही. घसा: साफ. नाक: वाहतंय, पाण्यासारखं. डोळे: लाल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दोन वेळा वाफ, कोमट पाणी, आराम आणि सर्दीची एक गोळी. आठवड्यात ठणठणीत होतील.

१० नोव्हेंबर, रविवार

आज सर्दी गायब! आम्ही दोघं दिवसभर घरी होतो. बाबांनी जावयाशी पत्त्यांचे सहा डाव खेळले, त्यातले चार लबाडीने जिंकले. नाक कोरडं. गोळी लागू पडली. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, वेळेवर उपचार म्हणतात ते हे.

तो म्हणाला, "हो, आज रविवार आहे."

या माणसाला कधी कधी काय बोलायचं ते सुचत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

परत सुरू. तेही अकरालाच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आता मी कडक झालेय. खिडकी बंद, पंखा बंद. सकाळी खाली बाकावर जाऊन बसायचे तेही बंद. हवा लागते तिथे. कानटोपी दिली तर म्हणाले, "लोकांची डोकी बघण्यात जन्म गेला, आता माझं झाकून ठेवतेस होय?" पण घातली. माझं सगळं ऐकतात. हेच जरा नवीन आहे. पूर्वी त्यांना 'बसा' म्हटलं की ते मुद्दाम उभे राहायचे.

वरच्या मजल्यावरच्या काकू बाबांची चौकशी करायला येणार होत्या. त्यांचे यजमान, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेत. काकूंना मी जिन्यातच थांबवलं. म्हटलं, बाबांना सर्दी आहे, तुम्ही घेऊन जाल आणि मास्तरांना द्याल. काकू बिचाऱ्या परत गेल्या. म्हणाल्या, "बरं झाल्यावर पाठव गं त्यांना. यांच्याशी बोलायला कोणी नाही."

गोळी घेतली की बाबा दुपारी चार-चार तास झोपतात. झोप हे निम्मं औषध आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बारा दिवस! आणि अजून ताप नाही, शिंक नाही, घसा नाही. साधं पडसं आठ-दहा दिवसांत आपल्या पावलांनी निघून जातं. मग हे काय? दुकानात डोळ्यांचे थेंब लावून ठेवताना एकदम डोक्यात प्रकाश पडला.

ॲलर्जी!

नवऱ्याने परवाच सांगितलं होतं की बाबा रोज सकाळी ती पेटी उघडून बसतात, कात्र्या पुसतात, तेल घालतात. पेटीत चव्वेचाळीस वर्षांची पावडर, केसांचा भुगा, काय काय असेल! रविवारी पेटी उघडली नाही, रविवारी सर्दी नाही. इतकं सरळ होतं आणि मी बारा दिवस नाकाने कांदे सोलत बसले.

घरी येऊन पेटी जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. बाबा बघत होते. मी त्यांना ॲलर्जी म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हां. असेल."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, केसांनी गळा कापलास की."

मी पोट धरून हसले. किती दिवसांनी त्यांनी विनोद केला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उतार नाही. उलट डोळे जास्तच सुजलेत. आता अकराची वेळही राहिली नाही, दुपारी मी आले की कधीही पाहावं तर रुमाल हातात. जेवण निम्म्यावर आलंय. काल सहज विचारल्यासारखं म्हणाले, "चार तारखेची गाडी सकाळची असते ना?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण मला खरंच भीती वाटतेय. साध्या सर्दीपायी ते परत जातील, त्या खोलीत एकटे राहतील आणि पुन्हा कधीतरी पडतील. या वेळी बंद दार बघून लोक पुढे निघून जातील. सोळा वर्षं जगाची नाकं बरी केली आणि घरच्या नाकाने माझ्या नाकी नऊ आणलेत.

त्यात नवऱ्याचं वेगळंच. केस कानांवर आलेत, मुलं बसमध्ये हसतात म्हणे. कापून ये म्हटलं तर म्हणाला, "माझे केस कापणारे ठरलेत. त्यांची हत्यारं तू माळ्यावर टाकलीस."

"बाबांना बरं नाहीये आणि तुला स्वतःच्या केसांचं पडलंय?" मी म्हटलं.

"बाबांना एकदा विचार ना," तो म्हणाला.

"काय विचारू? तपासतेय ना मी रोज!"

तो चावी घेऊन खाली गेला, बस पुसायला. सकाळी पुसली होती.

२३ नोव्हेंबर, शनिवार

हार मानून डॉक्टरांकडे नेलं. आमच्या दुकानासमोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, खऱ्या. वाट बघत पाऊण तास बसलो. बाबांच्या एका बाजूला खोकणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला पाय बांधलेला रंगारी. मी मनात म्हटलं, आता जास्त होणार. तर हे रंगाऱ्याशी गप्पा मारत बसले! भोवऱ्यापाशी केस का उभे राहतात, यावर.

आत गेल्यावर नेमकं डॉक्टरांसमोर नाक कोरडं ठणठणीत. दुखणंसुद्धा फितूर व्हावं! डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली, कान पाहिले. बाबा तेवढा वेळ त्यांच्या कपाळावरच्या बटा बघत होते. शेवटी राहवलं नाही. "बाई, हे पुढचे कोणी कापले? डावीकडे बोटभर जास्त गेलेत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर मात्र खो-खो हसल्या. "मीच कापले, आरशात बघून."

"तरीच," बाबा म्हणाले. "आरशात डावं-उजवं फसतं."

मी तक्ता पुढे केला. सतरा दिवसांचा. डॉक्टरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि आधी मलाच झापलं. झोप आणणारी गोळी या वयात रोज? तोल जाऊन पडले असते म्हणजे? माझी मान खाली. सोळा वर्षं दुसऱ्यांना हेच सांगते.

मग म्हणाल्या, "सगळं छान लिहिलंय. एक रकाना राहिला. सर्दी कोणाकडून लागली?"

"म्हणजे?"

"घरात कोणाला आहे?"

"नाही."

"गेल्या तीन आठवड्यांत कोणाकोणाला भेटले हे?"

"कोणालाच नाही," मी अभिमानाने सांगितलं. "मी घराबाहेर पडूच दिलं नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. औषध काही दिलं नाही. त्यांच्याकडे आज गर्दी फार होती, त्यामुळे नीट लक्ष दिलं नसावं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी दुकानात एक बाई आल्या, शिंकांनी बेजार. रात्री गार पाणी प्यायले म्हणून झालं, म्हणत होत्या. मी नेहमीचं सुरू केलं. "अहो, पाण्याने नाही होत, वाऱ्यानेही नाही होत. सर्दी माणसाकडून माणसाला लागते. माणूस भेटल्याशिवाय..."

आणि पुढचं वाक्य तोंडातून बाहेरच येईना.

मी दुकानातल्या जोडीदारणीला म्हटलं, काउंटर सांभाळ, आणि ॲप्रन तसाच अंगावर ठेवून घरी निघाले. अकराला पाच कमी होती. नवरा दारातच भेटला, मला बघून बाजूला झाला.

जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची बाबांनी खिडकीशी ओढली होती. तिच्या पाठीवर टॉवेल नीट पसरलेला, पुढे दोन टोकं जुळवलेली. खुर्ची रिकामी. बाबा तिच्या मागे उभे होते, गुडघ्याला आधार म्हणून एक हात खुर्चीच्या पाठीवर. दुसऱ्या हाताची दोन बोटं हवेत चालत होती. कात्री नव्हती, नुसती बोटं. आणि ते रडत होते. आवाज नाही, काही नाही, नळ ठिबकावा तसे डोळे वाहत होते. मधेच थांबून रुमालाने नाक पुसायचे आणि पुन्हा बोटं चालवायचे.

मी सर्दीचा तक्ता ठेवत होते. अठरा दिवस. वेळ घालून!

माझ्याकडे बघून ते गडबडले. "अगं, आज लवकर? ही सर्दी बघ ना..."

"बाबा, ही सर्दी नाही."

ते खुर्चीवर बसले. टॉवेलवरच. मग म्हणाले, "अकराला दुकानात चहा यायचा. खुर्चीवर एक, बाकावर चार. कोणाचंही डोकं अर्धवट असो, अकराला कात्री खाली आणि कप हातात. इथे अकरा वाजतात आणि... काही नाही होत. घर छान आहे गं. तुम्ही दोघं छान आहात. तू सर्दी म्हणालीस, मग मीही म्हटलं, सर्दी तर सर्दी. सर्दीला निदान औषध असतं."

मी नवऱ्याकडे वळले. "तुला माहीत होतं!"

"बाबांनी वचन घेतलं होतं," तो म्हणाला. "पण रविवार म्हणालो, हत्यारं म्हणालो, विचार म्हणालो. अजून किती सांगायचं?"

मला इतका राग आला, इतकी लाज वाटली. खिडकी बंद केली मी. बाक बंद केला. काकूंना जिन्यातून परत पाठवलं. आणि पेटी! ज्या एका गोष्टीशी ते बोलत होते ती उचलून माळ्यावर टाकली आणि वर हसले. औषध म्हणून मी त्यांना तेच पाजत होते, ज्याने दुखणं आलं होतं.

शिडी घेतली आणि पेटी खाली काढली. खुर्चीवर बसले, ॲप्रन तसाच. वेणी सोडली. "बाबा, टोकं दुभंगलीत. लग्नानंतर तुम्ही एकदाही कापले नाहीत."

"तू आलीस का कधी?" ते म्हणाले. मग पेटी उघडण्याचा आवाज आला. मानेवर गार कात्री, आणि तो लहानपणचा हुकूम: "मान खाली. बोलायचं नाही. हलायचं तर मुळीच नाही."

तेवढ्यात नवऱ्याने चहा आणला. कात्री खाली ठेवली गेली. माझे केस एका बाजूला चार बोटं लांब, आणि आम्ही तिघं चहा पीत होतो. घड्याळ बघितलं नाही, पण अकरा वाजून गेलेच असतील.

२७ नोव्हेंबर, बुधवार

काल बाबांना वर नेलं. मास्तरांचे केस चार महिने कापलेले नव्हते, दाढी काकूंनी कशीबशी केलेली, ठिकठिकाणी राहिलेली. अंथरुणावरच्या माणसाचे केस कापायला कोणी येत नाही. बाबांनी उशीखाली जुना पेपर घातला, डोकं तळहातावर घेतलं आणि कुशीवर वळवून कापले. दीड तास लागला. गुडघ्यासाठी मी उंच स्टूल दिलंय, तेच, दुकानातलं डगमगतं. आता डायरी नसल्यामुळे जास्त डगमगतं, म्हणून पायाला लाकडाचा तुकडा ठोकून घेतला.

मास्तर आरशात बघून म्हणाले, "अरेच्चा, मी अजून आहे की!" काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आज काकूंनी सांगितलं, पलीकडच्या इमारतीत एक आजी आहेत, त्यांनाही बाहेर जाता येत नाही.

१ डिसेंबर, रविवार

नवऱ्याचे केस कापून झाले. दहा वर्षांनी लहान दिसतो, आणि हे तो दिवसातून दहा वेळा सांगतो.

बाबांनी माझ्या डायरीतलं एक पान फाडून नेलंय, कोणाकडे कधी जायचं ते लिहायला. पलीकडच्या आजी, खालचे पहारेकरी, रंगारी (त्याचा पाय अजून बांधलेलाच आहे, पत्ता दवाखान्यातच घेतला होता म्हणे!), आणि दवाखाना सुटल्यावर डॉक्टरीणबाईंच्या बटा. जेवण पूर्ववत. डोळे स्वच्छ. माझ्याशी भांडण मात्र पुन्हा सुरू झालं. कानटोपी त्यांनी जावयाला देऊन टाकली.

पण चार तारखेबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारत नाही. गाडी सकाळची आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

आज बाबांनी बॅग पलंगाखालून बाहेर काढली. का ते विचारण्याचं धाडस झालं नाही. दुकानात दोनदा गिऱ्हाइकाच्या हातात गोळ्यांची चुकीची पट्टी दिली.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी सातला जाग आली ती एका आवाजाने. जिना दणाणून जावा अशी शिंक. लगेच दुसरी. मग तिसरी.

धावत गेले. बाबा पलंगावर बसलेले, बॅग उघडी. तिच्यात तळाशी ठेवलेला दुसरा वस्तरा त्यांना आज हवा होता म्हणे. डोळे पाणावलेले, नाक चोंदलेलं, आवाज फाटलेला. "घसा खवखवतोय गं," ते म्हणाले. "आणि अंग मोडून आलंय."

तापमापी लावली. किंचित कणकण. घसा लालसर. शिंका: अकरापर्यंत थांबायची गरजच नाही, सतत. मी तक्ता काढला. एकेका रकान्यात खूण करत गेले आणि मला हसू आवरेना. सर्दी! अस्सल, खरीखुरी, पुस्तकात लिहिलेली असते तशी सर्दी! नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, मला वेड लागलं.

शेवटचा रकाना डॉक्टरांच्या सांगण्यावरून नवीन आखला होता, तो अजून कोरा होता. "बाबा, कोणाकडून लागली?"

बाबा बोटांवर मोजायला लागले. "मास्तर परवा शिंकत होते. पलीकडच्या आजींच्या सुनेला खोकला आहे. पहारेकऱ्याचं नाक तर बारमाही. रंगारी... नाही, त्याला नाही, त्याच्या बायकोला. आणि डॉक्टरीणबाई स्वतः मास्क लावून बसल्या होत्या." एक हात संपला, दुसरा सुरू झाला. "कोणाकोणाचं नाव घेऊ?"

रकान्यात जागा पुरली नाही. समासात लिहावं लागलं.

मी आवाज कडक केला. कोमट पाणी, गुळण्या, आराम, शिंकताना तोंडावर रुमाल, हात साबणाने धुवायचे. झोप आणणारी गोळी अजिबात नाही. ताप वाढला किंवा दम लागला तर थेट दवाखान्यात. आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत मास्तरांच्या आणि आजींच्या जवळपासही जायचं नाही, त्यांना झेपणार नाही. प्रवास तर नाहीच.

"किती दिवस?"

"आठ-दहा."

"आणि मग?" हे त्यांनी नाही, मीच विचारलं. विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून.

बाबांनी मोठ्याने नाक शिंकरलं, रुमालाची घडी घातली. "मग काय? तोपर्यंत मास्तरांचे केस परत कानावर येतील. ते काय मी गाडीने येऊन कापू?" बॅगेतून त्यांनी वस्तरा काढून घेतला आणि ती पायाने पलंगाखाली सारली. "खोलीचं नंतर बघू. आधी त्यांना निरोप दे, आज येत नाही म्हणावं. वाट बघतील."

रडारड करायची नाही असं कबूल केलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. नवरा पाठोपाठ आला. म्हणाला, "डोळे का लाल गं?"

"सर्दी झालीय," मी म्हटलं.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "अजून साडेसातच झालेत."